जुगाराचे कर्ज आणि जुगाराचे व्यसन
घरातील कर्ता मुलगा सट्ट्यात बुडाला की नागपुरात बहुधा एकच क्रम घडतो. भाऊ एकत्र बसतात, कोणी सोने मोडतो, कोणी शहराच्या बेसा भागातला प्लॉट विकतो, देणी फिटतात, टेकडीच्या गणपतीसमोर शपथ घेतली जाते आणि सगळे सुटकेचा श्वास सोडतात. पुढच्या आयपीएलमध्ये पुन्हा तेच होते. शपथ मोडणाऱ्याला नालायक ठरवून हा प्रश्न सुटत नाही, कारण घराने कर्ज फेडलेले असते, व्यसनाला हातही लावलेला नसतो.

कर्ज म्हणजे काय, हे कोणाला समजावण्याची गरज नाही. त्याबाबत एवढेच ध्यानात ठेवावे की भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ३० नुसार पैजेचा करार शून्य असतो, म्हणून बुकीला पैजेची रक्कम न्यायालयातून वसूल करता येत नाही. आणि विनापरवाना सावकारीची तक्रार सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते.

व्यसन मात्र रकमेवरून ओळखता येत नाही, आणि नेमकी येथेच बहुतेकांची गफलत होते. ‘किती हरला?’ हा प्रश्न मला निरुपयोगी वाटतो. ‘हरल्यावर दुसऱ्या दिवशी काय केले?’ असे विचारावे. पाच लाख गमावून कायमचा थांबलेला माणूस कर्जबाजारी असेल, पण व्यसनी असेलच असे नाही. उलट पाचशे रुपये गेले म्हणून तेवढे परत मिळवण्यासाठी रोज सट्टापट्टीकडे वळणारा, त्यासाठी घरी खोटे बोलणारा आणि खेळ बंद केला की चिडचिडा होणारा माणूस, कर्ज नसले तरी, आजाराच्या वाटेवर असू शकतो. अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ साली जुगाराचा विकार दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनांच्या गटात घेतला. त्याची नऊ लक्षणे असून बारा महिन्यांत त्यांपैकी चार दिसली तर निदान होते. गेलेले पैसे परत मिळवण्यासाठी पुन्हा खेळणे हे त्यांतले एक आणि अडचणीतून सुटण्यासाठी इतरांच्या पैशांवर विसंबणे हे दुसरे. ज्याला आपण मदत म्हणतो तिची अपेक्षा धरून बसणे हेच लक्षणांत मोडते! खेळणाऱ्याच्या मनात कर्ज फेडण्याचा एकमेव मार्ग म्हणजे पुढचा डाव असतो, त्यामुळे घरच्यांनी पाटी कोरी करून दिली की बुकीकडे त्याची पत पुन्हा उभी राहते.

म्हणून पैसे द्यायचेच असतील तर रोख त्याच्या हातात कधीही देऊ नये. कायदेशीर देणे थेट बँकेत भरावे, आणि त्याच्या संमतीने पगाराचे खाते काही काळ घरच्यांनी सांभाळावे. पण हे सगळे उपचारासोबत झाले पाहिजे, उपचाराऐवजी नव्हे. विचार आणि वर्तन बदलण्यावर काम करणाऱ्या समुपदेशनाचा या विकारात उपयोग होतो. त्यासाठी नागपुरात मेडिकलचा, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा, मानसोपचार विभाग आहे, प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. ‘तो काय वेडा आहे का?’ हे वाक्य ऐकून मला खरोखर वाईट वाटते, कारण त्या एका वाक्यापायी घरे वर्षानुवर्षे थांबून राहतात.

जीव देण्याची भाषा निघाली तर ती धमकी समजू नये. त्याला एकटे न सोडता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. एरवी तो डॉक्टरांकडे यायला तयार नसेल तर पत्नीने किंवा आईने एकटीने सुरुवात करावी. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर चोवीस तास मराठीत बोलता येते, आणि तेथे नातेवाइकांचेही ऐकून घेतले जाते.