हॉस्टेल लागलं, पण विचारायचं कुणाला?

जून उजाडला की धडगाव, मोखाडा, पेठ, एटापल्ली अशा आदिवासी तालुक्यांतून निघणाऱ्या एसटीत एक ठरावीक पिशवी दिसते. प्लास्टिकची, चेनची, आरपार दिसणारी. आत जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बारावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्ड, बँकेचं पासबुक आणि प्रत्येकाच्या पाच-पाच झेरॉक्स. ती मांडीवर घट्ट धरून बसलेली मुलगी पुण्याला, नाशकाला किंवा नागपूरला कॉलेजात निघालेली असते. बहुतेकदा तिच्या घरातून, कधी कधी तिच्या अख्ख्या पाड्यातून कॉलेजात जाणारी ती पहिलीच. पुढचे काही महिने तिला भेटणारा प्रत्येक जण तीनच गोष्टी विचारणार आहे: हॉस्टेलला नंबर लागला का? स्वयमचे, म्हणजे खोली-जेवणासाठीच्या सरकारी योजनेचे, पैसे आले का? व्हॅलिडिटी, म्हणजे जातीच्या दाखल्याच्या पडताळणीचं प्रमाणपत्र, निघालं का?

या तीन प्रश्नांमागे जवळजवळ शंभर वर्षांचा इतिहास आहे. सरकारने आदिवासी विद्यार्थ्याला काय द्यायचं हे टप्प्याटप्प्याने ठरत गेलं. त्याची सोबत कुणी करायची, हा प्रश्न मात्र सुरुवातीला ऐरणीवर होता आणि पुढे मागे पडत गेला.

सुरुवात मुंबई इलाख्यात झाली. १९२८ च्या नोव्हेंबरात सरकारने अस्पृश्य आणि आदिवासी जमातींच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी ओ. एच. बी. स्टार्ट या सनदी अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सदस्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते आणि ठक्कर बाप्पाही होते. समितीने जिल्ह्याजिल्ह्यांत फिरून साक्षी घेतल्या. याच कामासाठी १९२९ च्या ऑक्टोबरात बाबासाहेब खानदेशात होते. चाळीसगावला उतरल्यावर तिथल्या महारवाड्यातल्या मंडळींनी त्यांना वस्तीत नेण्यासाठी टांगा ठरवला, पण एकही टांगेवाला अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला तयार होईना. शेवटी टांगा भाड्याने घेतला आणि कधी लगाम न धरलेला वस्तीतलाच एक माणूस हाकायला बसला. नदीवरच्या मोरीशी चाक अडकलं, टांगा उलटला आणि बाबासाहेब फेकले गेले. पाय मोडला. मागासवर्गीय विद्यार्थ्यांना सरकारने काय द्यावं याची चौकशी करणाऱ्या सदस्याला गावात साधा टांगा मिळाला नाही. वसतिगृह का हवं, हे समितीला आणखी कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. शहरात शिकायला येणाऱ्या पोराला भाड्याने खोली कोण देणार होतं?

१९३० मध्ये अहवाल आला. जास्त शिष्यवृत्त्या, वसतिगृहं, कारखान्यांत आणि रेल्वेच्या वर्कशॉपात शिकण्यासाठी मदत, परदेशात अभियांत्रिकी शिकण्यासाठी शिष्यवृत्ती अशा शिफारशी त्यात होत्या. या सगळ्यावर देखरेख ठेवणारा एक स्वतंत्र अधिकारीही मागितला होता. पुढच्याच वर्षी मागासवर्ग खातं निघालं. आजच्या समाजकल्याण आणि आदिवासी विकास या दोन्ही खात्यांची नाळ तिथे पुरलेली आहे. मला यातली शेवटची शिफारस सगळ्यात मोलाची वाटते. पैसा मंजूर झाला तरी तो पोरापर्यंत पोचवायला त्याच कामाला वाहिलेला माणूस लागतो, हे तेव्हाच्या लोकांना कळलेलं होतं.

ठक्कर बाप्पांना तर हे अनुभवाने ठाऊक होतं. मुंबई महापालिकेतली इंजिनिअरची नोकरी सोडून ते १९१४ मध्ये गोखल्यांच्या भारत सेवक समाजात गेले आणि १९२२ मध्ये त्यांनी दाहोदला भिल्ल सेवा मंडळ काढलं. आश्रमात कार्यकर्ते मुलांबरोबरच राहायचे. पुढे बाळासाहेब खेरांनी ठाणे जिल्ह्यात आदिवासी सेवा मंडळाचं काम उभं केलं, तेही याच वळणावर. या कामाच्या मर्यादा होत्या. आदिवासींना ‘सुधारायचं’ ही भाषा त्यात होती, पोरांच्या बोलीला आणि देवांना जागा कमी होती, आणि कार्यकर्ते बहुतांशी बाहेरून आलेले होते. पण रात्री पोराला ताप भरला तर उशाशी बसायला कुणीतरी असायचं.

स्वातंत्र्यानंतर पैशाची बाजू भराभर पक्की झाली. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ मध्ये अनुसूचित जातींसाठी सुरू झाली होती, ती १९४८ मध्ये अनुसूचित जमातींना लागू झाली. राज्यघटनेच्या कलम ४६ ने दुर्बल घटकांच्या शिक्षणाची काळजी राज्यावर टाकली. महाराष्ट्रात १९७२ मध्ये समाजकल्याण खात्याखाली आदिवासी विकास संचालनालय आलं आणि १९८३ मध्ये स्वतंत्र आदिवासी विकास विभाग झाला. नाशिकला आयुक्तालय, ठाणे, नाशिक, अमरावती आणि नागपूरला अपर आयुक्त, आणि त्यांच्याखाली एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पांची कार्यालयं. पोरं त्याला नुसतं ‘प्रकल्प’ म्हणतात. सुखथनकर समितीच्या शिफारशीवरून १९९३-९४ पासून आदिवासी लोकसंख्येच्या प्रमाणात योजनेतला पैसा, म्हणजे नऊ टक्के, या विभागाकडे येऊ लागला. २०११ च्या जनगणनेनुसार राज्यात अनुसूचित जमातींचे १ कोटी ५ लाख लोक आहेत.

या रचनेत कॉलेजातल्या विद्यार्थ्याला रोज भेटणारा सरकारी माणूस एकच, वसतिगृहाचा गृहपाल. शब्द सुंदर आहे. घर पाळणारा. पण त्याच्या टेबलावर काय असतं ते पाहा: हजेरीपट, भोजनाच्या ठेक्याची बिलं, इमारत भाड्याची असली तर मालकाचे तगादे, निर्वाह भत्त्याच्या याद्या, पाण्याच्या टँकरची पावती. शे-दोनशे पोरांमागे हा एक माणूस. मी वसतिगृहात होतो तेव्हा आमचे गृहपाल सर मनाने चांगले होते. पहिल्या सहामाहीत गणितात नापास झालो आणि बॅग भरून गावी निघालो, तेव्हा त्यांना पत्ताही नव्हता, कारण ते दोन दिवस प्रकल्प कार्यालयात बिलं घेऊन बसले होते. मला गेटवर अडवलं ते तिसऱ्या वर्षाच्या, पावरा जमातीच्या एका दादाने. त्याने बॅग हातातून घेतली, कॅन्टीनला नेऊन चहा पाजला आणि म्हणाला, “मी दोनदा नापास झालोय. बस खाली.” मग रोज रात्री जेवण झाल्यावर तो शिकवायचा. अडलं की मराठी सोडून त्याच्या बोलीत, माझी बोली वेगळी असली तरी. समजायचं.

कागदांचा इतिहास निराळा आहे आणि मुलांच्या दृष्टीने अधिक क्रूर. पूर्वी जमातींची मान्यता क्षेत्रापुरती होती. एखादी जमात ठरावीक तालुक्यांतच अनुसूचित, बाहेर नाही. १९७६ च्या कायद्याने ही क्षेत्रबंधनं उठली. खऱ्या आदिवासींसाठी ते न्याय्यच होतं. पण त्याचबरोबर नामसाधर्म्याचा फायदा घेऊन इतर जातींचे दाखले निघू लागले, आणि घाव सगळ्यात आधी बसला मेडिकल आणि इंजिनिअरिंगच्या राखीव जागांवर. १९९४ मध्ये माधुरी पाटील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पडताळणी समितीची कार्यपद्धती घालून दिली. हळबा या आदिवासी जमातीचा दाखला कोष्टी या विणकर जातीला मिळावा का, या वादात २००० मध्ये घटनापीठाने कोष्टी म्हणजे हळबा नव्हेत असं सांगितलं, आणि पाठोपाठ राज्याचा २००१ चा पडताळणी कायदा आला. आदिवासी संघटना त्यासाठी वर्षानुवर्षं झगडल्या होत्या, आणि त्यांचं बरोबरच होतं. पण पडताळणीत १९५० पूर्वीच्या नोंदींना सगळ्यात जास्त वजन असतं. ज्याचा आजा शाळेची पायरी चढला नाही त्याने आज्याचा शाळेचा दाखला कुठून आणायचा? मग कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची, नक्कल शोधत तहसीलच्या खेपा. बाप मजुरी बुडवून जातो, आणि प्रवेशाची तारीख थांबत नाही.

वसतिगृहाच्या जागा कधीच पुरल्या नाहीत. त्यावर उतारा म्हणून २०१६ मध्ये पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम योजना आली. बारावीनंतर शिकणाऱ्या आणि वसतिगृहात नंबर न लागलेल्या विद्यार्थ्याच्या खात्यात थेट रक्कम. सुरुवातीचे दर असे: मुंबई, पुणे, नागपूर अशा मोठ्या शहरांत भोजनाला ३२ हजार, निवासाला २० हजार, निर्वाहाला ८ हजार, म्हणजे वर्षाला ६० हजार. इतर महापालिकांच्या शहरांत ५१ हजार, बाकी जिल्ह्यांच्या ठिकाणी ४३ हजार. हजारो पोरं यामुळे शिकली, हे मोकळ्या मनाने मान्य केलं पाहिजे. पण पुण्यात वर्षाला २० हजारांत खोली म्हणजे महिन्याला सोळाशे-सतराशे रुपये. त्यात मिळते ती चौघांत एक कॉट टाकायची जागा. आणि हप्ता उशिरा आला तर घरमालक शासन निर्णय वाचत बसत नाही.

२०१८ मध्ये हाच थेट पैशाचा मार्ग वसतिगृहांच्या आतही आला. अनेक ठिकाणी भोजनगृहं बंद करून जेवणाचे पैसे खात्यात द्यायचं ठरलं. त्या जुलैत विद्यार्थी भर पावसात पुण्याहून नाशिकच्या आयुक्तालयाकडे पायी निघाले. बाहेरच्यांना नवल वाटलं, हातात पैसे मिळतायत तर तक्रार कसली? मेसमध्ये जेवलेल्याला ते कळतं. रात्री नऊला जेवायला कोण आलं नाही हे मेसमध्ये लगेच लक्षात येतं. शेजारचा उठून खोलीत जाऊन बघतो. खात्यात आलेले तीन-साडेतीन हजार कुणाची वाट पाहत नाहीत. शिवाय घरून फोन येतो, आईचं दुखणं, बियाण्याचे पैसे, आणि जेवणाच्या पैशातले हजार गावी जातात.

विद्यापीठांनी आपल्या बाजूने काय केलं? अनुसूचित जाती-जमाती कक्ष जुने आहेत. २०१२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने समतेचे विनियम काढले: प्रत्येक संस्थेत समान संधी कक्ष, भेदभावाच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी. २२ मे २०१९ ला मुंबईत पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या डॉ. पायल तडवी यांनी आत्महत्या केली. त्या तडवी भिल्ल या आदिवासी समाजातल्या. जातीवरून छळ झाल्याचा आरोप कुटुंबाने केला, खटला न्यायालयात गेला. त्याच वर्षी त्यांच्या आई आबेदा तडवी आणि हैदराबाद विद्यापीठात आत्महत्या केलेले संशोधक विद्यार्थी रोहित वेमुला यांच्या आई राधिका वेमुला सर्वोच्च न्यायालयात गेल्या. हे विनियम नीट राबवले जावेत, कक्ष कागदावर राहू नयेत, ही त्यांची मागणी. कक्षाचं दार कुठे आहे आणि आत कोण बसतं, हे पहिल्या वर्षाच्या किती पोरांना ठाऊक असतं?

इथे ऑस्ट्रेलियाची आठवण येते. तिथला आदिवासी नेता चार्ल्स पर्किन्स १९६६ मध्ये सिडनी विद्यापीठाचा पदवीधर झाला तेव्हा असे पदवीधर बोटावर मोजण्याइतके होते. १९६९ मध्ये आदिवासी विद्यार्थ्यांना सरकारी अनुदान सुरू झालं, म्हणजे आपल्या शिष्यवृत्तीनंतर तब्बल एकवीस वर्षांनी. पण १९७३ मध्ये ॲडलेडच्या तंत्रशिक्षण संस्थेत आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र तुकडी निघाली, आणि त्यानंतर विद्यापीठांत खास केंद्रं उभी राहिली. बसायला खोली, शिकवणी, चहाची किटली, आणि नोकरीवर शक्यतो त्याच समाजातली माणसं. तिथे सगळं सुरळीत आहे असं मुळीच नाही. पण सोबत करणं हे तिथे पगारी काम मानलं गेलं.

आपल्याकडे ते काम विद्यार्थी संघटना आणि वरच्या वर्षातले दादा-ताई करतात, बिनपगारी, स्वतःचा अभ्यास सांभाळून. प्रवेशाच्या दिवसांत त्यांचा फोन मध्यरात्रीपर्यंत वाजतो. ‘दादा, पोर्टल आधार घेत नाहीये.’ ‘ताई, बँकवाले खातं बंद पडलंय म्हणतात.’ मला गेटवर अडवणारा तो पावरा दादा आता तालुक्याच्या शाळेत शिक्षक आहे. परवा त्याचा फोन आला होता. त्याच्या शाळेतली एक मुलगी पुण्याला येतेय, स्वारगेटला पहाटे उतरेल, घ्यायला कुणी जाईल का, विचारत होता.