होरायझन: हिशेब पोस्टाचा, चाव्या कंत्राटदाराकडे

ब्रिटिश पोस्टाच्या होरायझन या संगणक यंत्रणेचे काम १९९६ मध्ये सुरू झाले, ते सरकारी भत्ते कागदी पुस्तिकांऐवजी कार्डावर देण्यासाठी. आयसीएल पाथवे या कंपनीने पदरच्या पैशाने यंत्रणा उभारावी आणि ती चालू झाल्यावर मोबदला घ्यावा, असा करार होता. जोखीम कंपनीवर टाकल्याचे समाधान सरकारला मिळाले. पण यंत्रणा आतून कशी बांधली जाते आहे हे तपासण्याची पोस्टाची क्षमताही त्याच करारामुळे तोकडी राहिली. १९९९ मध्ये भत्ते देणाऱ्या विभागाने अंग काढून घेतले आणि कार्ड बारगळले, तरी यंत्रणा मोडीत न काढता ती शाखांच्या हिशेबासाठी बसवण्यात आली. तोवर आयसीएल जपानच्या फुजित्सूच्या मालकीची झाली होती.

हॅम्पशरमधील साउथ वॉर्नबरो गावच्या सबपोस्टमास्तर, म्हणजे पोस्टाशी करार करून शाखा चालवणाऱ्या, जो हॅमिल्टन यांच्या हिशेबात एकदा दोन हजार पौंडांची तूट दिसली. मदतकेंद्राने फोनवर सांगितले तसे त्या करत गेल्या आणि त्यांच्या डोळ्यांदेखत ती तूट चार हजारांवर गेली. अशी तूट पोस्ट सबपोस्टमास्तरांकडून भरून घेत असे आणि अनेकांवर स्वतःच फौजदारी खटले भरत असे. १९९९ ते २०१५ या काळात होरायझनच्या आकड्यांवरून नऊशेहून अधिक लोक दोषी ठरले.

मला सर्वांत गंभीर वाटते ती बाब पुराव्याची आहे. व्यवहारांच्या मूळ नोंदी फुजित्सूकडे असत; त्या वर्षाकाठी किती वेळा मागता येतील याला करारातच मर्यादा होती आणि त्यापलीकडे पैसे मोजावे लागत. म्हणजे माणसाला तुरुंगात पाठवू पाहणाऱ्या संस्थेलाच आपल्या नोंदी कंत्राटदाराकडे मागाव्या लागत. फुजित्सूचे कर्मचारी दुरूनही शाखेच्या हिशेबात फेरफार करू शकत होते, पण पोस्ट ते वर्षानुवर्षे नाकारत राहिले. त्यातच, संगणक बरोबर चालला असे न्यायालयाने गृहीत धरू नये म्हणून असलेली कायद्यातील तरतूद १९९९ च्या कायद्याने रद्द केली होती.

माजी सबपोस्टमास्तर अॅलन बेट्स यांच्यासह ५५५ जणांनी पोस्टाविरुद्ध लढलेल्या दाव्यात डिसेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने यंत्रणेतील दोष मान्य केले. हॅमिल्टन यांच्यासह ३९ जणांची शिक्षा एप्रिल २०२१ मध्ये रद्द झाली, आणि उरलेल्यांपैकी बहुतेकांसाठी २०२४ मध्ये संसदेला खास कायदा करावा लागला. पर्यायी यंत्रणा वेळेत तयार न झाल्याने फुजित्सूचा करार मात्र त्यानंतरही वाढवावा लागला.