अभ्यास दौरा (व्यवस्थापन शिक्षण)

व्यवस्थापन संस्थेतील विद्यार्थ्यांनी प्राध्यापकांसोबत परदेशातील एखाद्या प्रदेशात जाऊन तेथील कारखाने, बँका, बाजारपेठा, कामगार संघटना व शासकीय कार्यालये प्रत्यक्ष पाहण्याचा, अभ्यासक्रमाचा भाग असलेला उपक्रम. मुदत बहुधा एक ते दोन आठवडे. आधी वाचन व व्याख्याने, नंतर भेटी, शेवटी अहवाल किंवा सादरीकरण, असा त्याचा क्रम असतो. श्रेयांक मिळतात म्हणून त्याला सहल म्हणत नाहीत. मात्र आखणी ढिली असेल तर दोन्हींत फारसा फरक उरत नाही.

परक्या देशाची अर्थव्यवस्था पाहण्यासाठी गटाने जाण्याची पद्धत व्यवस्थापन संस्थांच्या दौऱ्यांहून जुनी आहे. जपानचे इवाकुरा शिष्टमंडळ १८७१ ते १८७३ या काळात अमेरिका व युरोपात फिरले. त्यातील कुमे कुनिताके यांनी लिहिलेला पाच खंडांचा वृत्तांत १८७८ मध्ये प्रसिद्ध झाला. गिरण्या, गोद्या, तुरुंग, शाळा असे सारे त्यात टिपलेले आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमधील कामगार व व्यवस्थापक यांची संयुक्त पथके अमेरिकी कारखाने पाहायला गेली. १९५५ साली स्थापन झालेल्या जपानच्या उत्पादकता केंद्रानेही तशीच पथके धाडली. १९८०च्या दशकात वारे फिरले आणि अमेरिकी व्यवस्थापक टोयोटाचे कारखाने पाहायला जपानच्या वाऱ्या करू लागले. व्यवस्थापन संस्थांनी ही पद्धत अभ्यासक्रमात आणली. हार्वर्ड बिझनेस स्कूलने २०११ मध्ये पहिल्या वर्षाच्या सुमारे ९०० विद्यार्थ्यांसाठी परदेशातील क्षेत्रकार्य सक्तीचे केले, तेव्हा या पद्धतीला मोठी प्रतिष्ठा मिळाली.

कंपनीभेटीचा साचा जगभर जवळजवळ सारखाच असतो. सभागृहात स्लाइड, मग हेल्मेट-जॅकेट चढवून पिवळ्या पट्ट्यांच्या आतून एक फेरी, चहा, प्रश्नोत्तरे, स्मृतिचिन्ह, समूहछायाचित्र. यातून कंपनी कळते. प्रदेशाची अर्थव्यवस्था कळतेच असे नाही. पैसा कोण पुरवतो, कुशल कामगार कुठे तयार होतात, धंदा बुडाला तर त्यांचे काय होते, ही उत्तरे यंत्रांजवळ सापडत नाहीत. म्हणून चांगल्या दौऱ्यात कारखान्याइतकीच बँक, तंत्रशाळा आणि नगरपालिकाही असते.

स्पेनच्या बास्क प्रदेशातील मोंद्रागॉन हे या दृष्टीने अभ्यासकांचे आवडते ठिकाण. गिपुस्कोआ प्रांतातील देबा नदीच्या अरुंद खोऱ्यात वसलेले हे गाव पूर्वी लोखंड व कुलपांसाठी प्रसिद्ध होते; बास्क भाषेत त्याला अरासाते म्हणतात. १९४१ मध्ये होसे मारिया अरिस्मेंदिअरिएता हा तरुण धर्मगुरू तेथे आला. १९४३ मध्ये त्याने तंत्रशाळा सुरू केली आणि तिच्या पाच माजी विद्यार्थ्यांनी १९५६ मध्ये ‘उल्गोर’ ही रॉकेलच्या शेगड्या बनवणारी संस्था उभारली. पाहुण्यांना ही कथा हमखास ऐकवली जाते. पण खरी कळ १९५९ च्या ‘काखा लाबोराल’ या सहकारी बँकेत होती. खोऱ्यातल्या लोकांची बचत खोऱ्यातच नव्या सहकारी संस्था काढायला वापरली गेली. पुढे सामाजिक सुरक्षा संस्था, १९७४ मध्ये इकेर्लान हे संशोधन केंद्र आणि १९९७ मध्ये विद्यापीठ जोडले गेले. समूहात आज सुमारे ८० संस्था व सुमारे ७० हजार कर्मचारी आहेत. सभासद असलेल्या कामगाराचे भांडवल कितीही असले तरी त्याला एकच मत असते, आणि सर्वांत कमी व सर्वांत जास्त वेतनातील अंतर साधारणतः सहापटींपर्यंत राखले जाते. ‘ओतालोरा’ या प्रशिक्षण केंद्रात, एका जुन्या वाड्यात, बाहेरून आलेल्या गटांना हे सारे समजावून सांगतात.

मात्र मोंद्रागॉन समजण्यासाठी २०१३ कडे पाहावे लागते. उल्गोरची वारस असलेली ‘फागोर’ ही घरगुती उपकरणांची संस्था त्या वर्षी दिवाळखोरीत गेली. २००८ नंतर स्पेनमधील घरबांधणी कोसळली आणि फ्रीज-वॉशिंग मशीनची मागणीही घसरली. २००५ मध्ये विकत घेतलेल्या ‘ब्रांत’ या फ्रेंच कंपनीचा भार होताच. समूहातील इतर संस्थांनी आधी मदत केली, नंतर हात आखडता घेतला. स्थानिक सभासदांपैकी अनेकांना अन्य सहकारी संस्थांत सामावून घेतले गेले, पण त्यांचे भांडवल बुडाले. फ्रान्स व पोलंडमधील कामगार सभासदच नव्हते, त्यांना हा आधार नव्हता. २०२२ मध्ये ‘उल्मा’ व लिफ्ट बनवणारी ‘ओरोना’ या दोन बड्या संस्थांच्या सभासदांनी समूहातून बाहेर पडण्याच्या बाजूने मत दिले. या गोष्टी न ऐकता परतलेला गट एका आदर्श गावाची वर्णने तेवढी लिहितो.

यजमान निवडून दाखवतो आणि पाहुणा ठरवून आलेले पाहतो, हा या दौऱ्यांवरचा जुना आक्षेप रास्त आहे. दुभाष्या एकच असला की सगळे गाव एकाच आवाजात बोलते. खर्च हाही प्रश्न आहेच: भारतीय संस्थांच्या यादीत सिंगापूर व दुबई वारंवार दिसतात, त्यामागे अभ्यासविषयापेक्षा विमानभाडे आणि व्हिसाची सोय अधिक असते.

महाराष्ट्र या व्यवहारात यजमान म्हणूनही आहे. मुंबईत आलेल्या परदेशी गटांना धारावी व डबेवाले दाखवले जातात. डबेवाल्यांवर हार्वर्डने २०१० मध्ये प्रकरण-अभ्यासही प्रसिद्ध केला. १९९८ च्या ‘फोर्ब्ज’मधील लेखानंतर डबेवाल्यांना ‘सिक्स सिग्मा’ (जवळजवळ बिनचूक काम) प्रमाणपत्र मिळाल्याची वदंता पसरली. त्या नियतकालिकाने असे प्रमाणपत्र दिले नव्हते, तरी व्याख्यानांतून ते अजून फिरते. सहकाराच्या अभ्यासकांना अधिक शिकवू शकेल असा साखरपट्टा मात्र सहसा वगळला जातो. प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचे गाळप १९५० मध्ये सुरू झाले, म्हणजे उल्गोरच्याही आधी. विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या या प्रयोगात मालकी ऊस उत्पादकांची आहे, कारखान्यातील कामगार पगारी नोकर. मोंद्रागॉनमध्ये कामगार हाच सभासद. दोन्ही पाहिल्यावर ‘सहकार’ म्हणजे नेमकी कोणाची मालकी, हा वाद विद्यार्थ्यांना समोर दिसतो. अडचण वेळापत्रकाची आहे. गाळप हंगाम साधारणतः ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल चालतो, आणि जून-जुलैच्या सुट्टीत आलेल्या परदेशी गटाला बंद गव्हाण (ऊस टाकण्याची जागा) व दुरुस्तीला काढलेली यंत्रे पाहावी लागतात.