डिपेंडंट सोर्स पॉवर देतो की खातो?

सर्किटच्या आकृतीत शंकरपाळ्याच्या आकाराचं चिन्ह दिसलं की तो डिपेंडंट सोर्स. त्याचा करंट किंवा व्होल्टेज ठरलेला नसतो. सर्किटमधल्या दुसऱ्या एखाद्या करंटच्या वा व्होल्टेजच्या पटीत तो बदलतो. पण तो पॉवर देतो की घेतो, हे नुसता बाण बघून कळत नाही.

१० व्होल्टचा साधा सोर्स घ्या. त्याच्या धन टोकापासून नोड (जोडबिंदू) ‘अ’पर्यंत २ ओहमचा रेझिस्टर, ‘अ’पासून ग्राउंडला (शून्य व्होल्टचा बिंदू, सोर्सचं ऋण टोकही इथेच) १ ओहमचा. या १ ओहमला समांतर डिपेंडंट करंट सोर्स, बाण ‘अ’कडे. २ ओहममधून ‘अ’कडे येणारा करंट क्ष, तर या सोर्सचा करंट २क्ष.

आधी क्ष, मग पॉवर. ‘अ’चं व्होल्टेज य धरलं तर क्ष = (१० − य) ÷ २. ‘अ’मध्ये येणारा एकूण करंट ३क्ष, १ ओहममधून जाणारा य. म्हणजे ३क्ष = य. उत्तर: य = ६ व्होल्ट, क्ष = २ अँपिअर, डिपेंडंट सोर्सचा करंट ४ अँपिअर. हा करंट सोर्सच्या धन टोकातून बाहेर पडतो, म्हणून सोर्स ६ × ४ = २४ वॅट देतो. साधा सोर्स २० वॅट देतो. एकूण ४४, रेझिस्टरमध्ये खर्च ८ + ३६, तोही ४४. करंट सोर्सवरचं व्होल्टेज शून्य धरायची चूक सर्रास होते, आणि मग पॉवरही शून्य येते.

आता बाण उलटा करा, २क्ष तसाच ठेवा. सोर्स पॉवर खाईल असं वाटतं ना? पण य = −१० व्होल्ट येतं, क्ष = १० अँपिअर, आणि सोर्स चक्क २०० वॅट देतो. पट २ ऐवजी ०.५ केली, तर मात्र य = २, क्ष = ४, आणि तो ४ वॅट खातो.

ताळा जमला म्हणून निर्धास्त होऊ नका. मूळ सर्किटमधले १० व्होल्ट आणि २ ओहम यांच्या जागी त्यांच्याशी समतुल्य असा ५ अँपिअरचा सोर्स आणि समांतर २ ओहम घेतले, तर त्या २ ओहममधला करंट आता क्ष नसतो. ‘अ’कडून ग्राउंडला जाणारा तो करंटच क्ष समजून सोडवलं की य = १० येतं आणि डिपेंडंट सोर्सचे १०० वॅट. ताळा १५० ला १५० असा बरोबर जुळतो, उत्तर मात्र साफ चूक. ज्या फांदीत क्ष आहे तिला हात लावू नये. सुपरपोझिशनमध्येही (एकेक साधा सोर्स चालू ठेवून उत्तरांची बेरीज करायची पद्धत) डिपेंडंट सोर्स बंद करायचा नसतो.

ही जादा पॉवर येते कुठून? ट्रान्झिस्टरच्या मॉडेलमध्ये बेस करंटच्या बीटा पट (बीटा म्हणजे ट्रान्झिस्टर करंट किती पट वाढवतो तो आकडा) करंट देणारा असाच सोर्स काढतात. ती पॉवर प्रत्यक्षात कलेक्टरला जोडलेल्या डीसी सप्लायकडून येते. सिग्नलच्या आकृतीत तो सप्लाय दाखवलेलाच नसतो.