गुडघा बदलायचा की नाही : धास्ती, ताण आणि तुमचा निर्णय

गुडघा बदलायला सांगितलंय, पण मन तयार होत नाही, अशा माणसांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हे पत्रक आहे. आम्ही शस्त्रक्रिया करत नाही. मिरजेत आमचं छोटं फिजिओथेरपी केंद्र आहे. घरी येऊन व्यायाम करून घेतो आणि वॉकर, कमोड खुर्ची, टॉयलेट सीटवर बसवायचा उंचवटा भाड्याने देतो. शस्त्रक्रिया झालेली माणसं आमच्याकडे येतात आणि टाळलेलीही येतात, त्यामुळे तुम्ही अमुकच ठरवावं असा आमचा आग्रह नाही. निर्णय मात्र भीतीने घेऊ नये, तुम्ही घ्यावा, एवढं आम्हाला मनापासून वाटतं.

गुडघेबदल ही बहुतेक वेळा तातडीची शस्त्रक्रिया नसते. झिजलेला गुडघा आठ दिवसांत जिवावर उठत नाही. विचार करायला, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायला आणि घरात बोलायला पुरेसा वेळ असतो.

भीती नेमकी कशाची?

"भीती वाटते" एवढं म्हटलं की घरचे "काही होत नाही हो" म्हणतात आणि बोलणं तिथेच संपतं. भीती तशीच राहते. खोदून विचारलं, की प्रत्येकाच्या मनात वेगळंच काहीतरी निघतं आणि त्या प्रत्येकाचं उत्तर वेगळं असतं.

काहींना वाटतं, अख्खा गुडघा कापून काढतात. तसं नाही. मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नडगीच्या हाडाचं वरचं टोक यांचा साधारण ८ ते १० मिलिमीटरचा झिजलेला थर काढतात, त्यावर धातूचं आवरण बसवतात आणि मधे टणक प्लॅस्टिकची चकती ठेवतात. बाजूचे अस्थिबंध आणि स्नायू आपल्या जागी राहतात. बहुतेक ठिकाणी भूल कमरेतून देतात. आजूबाजूचे आवाज ऐकू येतील याची धास्ती असेल, तर हलकं झोपेचं औषध देता येईल का, हे भूलतज्ज्ञांना आधीच विचारा. ते विचारण्यात लाजण्यासारखं काही नाही.

"अंथरुणाला खिळून राहिले तर?" हा प्रश्न बायकांकडून जास्त येतो आणि त्याच्या पोटात दुसरी काळजी असते : माझं कोण करणार? आता बहुतेक रुग्णांना त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं करतात. टाके साधारण दोन आठवड्यांनी काढतात. वॉकरवरून काठीवर यायला बहुतेकांना काही आठवडे लागतात आणि पुरती ताकद यायला सहा महिने ते वर्ष. पहिले दोन आठवडे मात्र घरात माणूस लागतो, हे आम्ही स्पष्ट सांगतो. मुलं पुण्या-मुंबईला किंवा परदेशात असतील, तर तारीख ठरवण्याआधी या दोन आठवड्यांचं नियोजन करा. ती सोय झाल्यावर अर्धी भीती ओसरलेली आम्ही बऱ्याच घरांत पाहिली आहे.

जमिनीवर बसण्याची काळजी खरी आहे आणि तिला गोड उत्तर देऊ नये. पूजेला मांडी घालून बसणं, पंगतीत बसणं, देशी पद्धतीच्या शौचालयात उकिडवं बसणं, यांवर बहुतेक सर्जन बंधन घालतात. नवा गुडघा साधारण ११० ते १२० अंशांपर्यंत वाकतो, कोणाचा थोडा जास्त. खुर्चीवर बसून पूजा करायची सवय करावी लागेल. हे आधीच मनाने स्वीकारलं तर नंतर हिरमोड होत नाही. आणि कोणी "सगळं पहिल्यासारखं होईल" असं छातीठोकपणे सांगत असेल, तर त्याला याच गोष्टीबद्दल नेमकं विचारा.

पैशाची धास्ती बोलून दाखवायला माणसं सगळ्यात जास्त संकोचतात. २०१७ साली राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने कृत्रिम गुडघ्यांची कमाल किंमत बांधून दिली. तेव्हा सर्वसाधारण कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची मर्यादा ५४,७२० रुपये अधिक जीएसटी अशी होती. म्हणजे सांध्याची किंमत आणि रुग्णालयाचा बाकी खर्च या दोन वेगळ्या रकमा आहेत. दोन्ही लेखी मागा. विमा असेल तर पॉलिसीतला प्रतीक्षा काळ (ज्या सुरुवातीच्या काळात खर्च मिळत नाही तो) पाहा, कारण झिजेमुळे होणाऱ्या सांधेबदलाला तो बहुधा लागू असतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपली शस्त्रक्रिया बसते का, हे योजनेच्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारता येतं.

उरली ती ऐकीव गोष्टींची भीती. गल्लीत एकीचा गुडघा बिघडला की ती हकिगत वर्षानुवर्षं सांगितली जाते. ज्यांचं नीट झालं, त्या मंडईत भाजी घेत असतात आणि त्यांना कोणी विचारत नाही. म्हणून आकडे जाणून घ्या. अनेक देशांतल्या नोंदी एकत्र करून २०१९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार १०० पैकी सुमारे ८२ गुडघे २५ वर्षं टिकतात. जंतुसंसर्ग साधारण १०० त एखाद-दुसऱ्याला होतो आणि झाला तर तो गंभीर असतो. पायातल्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून औषध देतात आणि लवकर चालवतात. आणि पाचांतला साधारण एक रुग्ण नंतरही पूर्ण समाधानी नसतो. हा शेवटचा आकडा तुम्हाला कदाचित कोणी सांगणार नाही, म्हणून आम्ही तो इथे छापला आहे.

ताण दुखणं कसं वाढवतो

यावर आम्ही थोडं जास्त लिहितो, कारण निर्णय इथेच फसतो.

दुखणं गुडघ्यात असलं तरी ते किती जाणवायचं हे मेंदू ठरवतो. सतत धास्ती असली की शरीर सावध राहतं. मांडीचे आणि पोटरीचे स्नायू आखडतात, आखडलेल्या स्नायूंचा दाब सांध्यावर येतो. रात्री झोप लागत नाही आणि झोप तुटली की दुसऱ्या दिवशी तेवढीच कळ जास्त बोचते. मग माणूस चालणं कमी करतो. न चालल्याने मांडीचा पुढचा स्नायू सुकतो, गुडघा लचकतो, भीती वाढते. एकाच एक्स-रेची दोन माणसं आमच्याकडे येतात. एक देवळात चालत जाऊन येते, दुसरीला उंबरा ओलांडवत नाही. फरक बऱ्याचदा स्नायूंचा, झोपेचा आणि मनावरच्या ओझ्याचा असतो.

याचा अर्थ "सगळं तुमच्या मनात आहे" असा मुळीच नाही. दुखणं खरंच असतं. पण त्यातला काही वाटा ताणाचा असेल तर तो शस्त्रक्रियेने जात नाही. "आता माझं काही खरं नाही, हे कधीच थांबणार नाही" असं मनात घोळवणाऱ्या आणि आधीपासून खूप चिंता किंवा उदासी असलेल्या रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर दुखणं जास्त काळ राहण्याची शक्यता अधिक असते, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. असमाधानी राहणाऱ्यांत अशी माणसं बरीच असतात. म्हणून दोन-तीन आठवड्यांपासून झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, सारखं रडू येत असेल, तर आधी त्यावर उपचार घ्या. आपल्या फॅमिली डॉक्टरांशी बोला. सरकारची 'टेली-मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

ताणाने रक्तदाब आणि साखरही वाढते. ऐन शस्त्रक्रियेच्या सकाळी रक्तदाब चढला म्हणून रुग्णाला परत पाठवल्याचं आम्हाला माहीत आहे. घरचे सुट्ट्या काढून आलेले असतात आणि पुढच्या तारखेपर्यंत धास्ती दुप्पट होते.

टाळणंही भीतीतून, घाईही भीतीतून

वर्षानुवर्षं टाळणाऱ्यांचं नुकसान हळूहळू होतं. पाय धनुष्यासारखे वाकतात, गुडघा सरळ होईनासा होतो, स्नायू जातात. शस्त्रक्रियेआधी चालण्याची जी स्थिती असते, तिच्यावर नंतरची स्थिती बरीच अवलंबून असते. अगदीच घराबाहेर पडणं बंद झाल्यावर केलेल्या शस्त्रक्रियेनेही आराम मिळतो, पण वेळेत केलेल्यांइतकी मजल मारणं कठीण जातं.

उलट, चार रात्री कळ सोसवली नाही म्हणून पाचव्या दिवशी तारीख घेणारेही येतात. "या महिन्यात केलं तर सवलत" हे ऐकून ठरवणारेही येतात. अशा वेळी आम्ही थांबायला सांगतो. डेन्मार्कमध्ये २०१५ साली १०० रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्यांना शस्त्रक्रिया आणि व्यायाम-उपचार दिले, निम्म्यांना फक्त व्यायाम, वजन कमी करणं, औषधं आणि पादत्राणात घालायचे इनसोल. वर्षाने पाहिलं तर शस्त्रक्रियेच्या गटाला आराम साधारण दुप्पट होता, पण गंभीर त्रासही त्याच गटात जास्त झाले. आणि दुसऱ्या गटातल्या सुमारे तीन चतुर्थांश रुग्णांनी त्या वर्षात शस्त्रक्रिया करून घेतलीच नाही. म्हणजे दोन्ही वाटा खऱ्या आहेत. वजन एक किलो उतरलं की दर पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने कमी होतो, हेही लक्षात घ्या.

दोन्ही गुडघे एकदमच करावेत असा दबाव वाटत असेल तरी सर्जनशी मोकळेपणाने बोला. काहींना एकदम करणं सोयीचं पडतं, काहींच्या हृदयाला ते झेपत नाही. पंतप्रधान असताना अटलबिहारी वाजपेयी यांचा डावा गुडघा मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात ऑक्टोबर २००० मध्ये बदलला आणि उजवा त्यानंतर जून २००१ मध्ये. मधे अंतर ठेवण्यात काही कमीपणा नाही.

घरच्यांनो, तुमच्यासाठी

आई "तुम्ही म्हणाल तसं" म्हणाली, तर ते होकार समजू नका. बऱ्याचदा तो संकोच असतो : खर्च नको, सुनेला त्रास नको. त्यांना एकटीला डॉक्टरांशी बोलू द्या. दुखणं दहापैकी किती, हे सारखं विचारण्यापेक्षा काय करायचं सुटलं ते विचारा. देवळाची पायरी, नातवाला शाळेत सोडणं, वारीत निदान एक टप्पा चालणं, यांतलं जे त्यांना परत हवंसं वाटतं, त्यावरून निर्णय जास्त नेमका होतो.

शस्त्रक्रिया झाल्यावर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात अनेक जण खचतात. सूज असते, रात्री कूस बदलता येत नाही, "उगाच केलं" असं वाटतं. हा काळ येतो आणि बहुतेकांचा जातो. जखमेच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा, गुडघ्यात टकटक आवाज, हात लावल्यावर कोमटपणा, हे काही महिने राहू शकतं. पण ताप येऊन जखमेतून पाणी आलं, पोटरी सुजून दुखायला लागली किंवा धाप लागली, तर आमची वाट न पाहता लगेच रुग्णालय गाठा. दुखेल म्हणून गुडघा वाकवायचा नाही, ही भीती या काळात सगळ्यात घातक. सांधा आखडला की तो मोकळा करायला फार कष्ट पडतात. वेदनाशामक गोळी डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे व्यायामाच्या आधी घ्या आणि व्यायाम करा.

आमच्याकडे आलात तर

निर्णय व्हायच्या आधी या. आम्ही गुडघा, मांडीची ताकद आणि चाल तपासतो आणि सहा ते बारा आठवड्यांचा व्यायाम आखून देतो. शस्त्रक्रिया टळली तर उत्तम, नाही टळली तरी तोच व्यायाम नंतर उपयोगी पडतो. तुमची हरकत नसेल आणि त्यांचीही तयारी असेल, तर तुमच्याच वयाच्या, शस्त्रक्रिया झालेल्या व्यक्तीशी बोलणं करून देतो. त्यांना काय जमलं आणि काय जमलं नाही, दोन्ही विचारा. तारीख ठरली असेल तर घरी येऊन पलंगाची उंची, न्हाणीघरातली ओली फरशी आणि जिन्याचा कठडा पाहून जातो आणि वॉकर आधीच देतो, म्हणजे चार दिवस सराव होतो.

येताना उभ्याने काढलेला एक्स-रे, चालू औषधांच्या चिठ्ठ्या आणि मधुमेह असेल तर तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अहवाल आणा. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न एका कागदावर लिहून आणलेत तर ते नीट मांडायला आम्ही मदत करू. सोबत घरचं एक माणूस असू द्या. पायात रोजचीच चप्पल घालून या, तीही आम्हाला पाहायची असते.