सोयाबीन रात्र मोजतं

‘पेरणी वीस दिवस लांबली, तर काढणीही वीस दिवस लांबेल.’ हा हिशोब बऱ्याचदा कानावर येतो. सोयाबीनला तो लागू पडत नाही.

गार्नर आणि अ‍ॅलार्ड या अमेरिकी संशोधकांनी ‘बिलॉक्सी’ हे वाण मे महिन्यापासून टप्प्याटप्प्याने पेरलं. आधीची-नंतरची जवळपास सगळी झाडं सप्टेंबरातच फुलली! १९२० साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. फुलायची वेळ ठरत होती दिवसाच्या लांबीवरून. खरं तर रात्रीच्या. कारण लांबलेल्या रात्रीच्या मध्यावर थोडा वेळ दिवा लावला, तरी फुलोरा अडतो.

हे मोजमाप मला फार विलक्षण वाटतं. पानांत फायटोक्रोम नावाची प्रथिनं असतात. सुमारे ६६० नॅनोमीटरच्या तांबड्या प्रकाशात ती सक्रिय होतात, अंधारात हळूहळू निष्क्रिय. त्यांचा निरोप आणि झाडाचं स्वतःचं चोवीस तासांचं घड्याळ यांचा मेळ बसून ‘ई१’ हे जनुक चालतं. रात्र लहान असेपर्यंत ‘ई१’ जोरात असतं आणि फुलोरा सुरू करणाऱ्या ‘एफटी’ जनुकांना दाबून ठेवतं. रात्र वाढली की त्याचा जोर ओसरतो, एफटी प्रथिन पानात तयार होऊन शेंड्याकडे जातं आणि तिथे पानांऐवजी कळ्या धरू लागतात.

आता उशिराचा पेरा बघा. खोडावर साधारण चार दिवसांना एक नवं पेर, म्हणजे पान फुटतं ती गाठ, येतं आणि शेंगा पेरांवरच लागतात. उशिरा पेरलं तरी फुलोरा फारसा लांबत नाही, म्हणून पेरं कमी, झाड बुटकं, आणि दोन ओळींमधल्या उघड्या मातीवर पडणारं ऊन वाया. ‘फवारा आणि भरपाई करा’ म्हणणारं कुठलंही टॉनिक हे गेलेले दिवस परत आणत नाही.

ऊन मात्र अडवता येतं. ओळींमधलं अंतर ७५ सेंटीमीटर असेल तर ते निम्म्यावर आणावं आणि बियाणं दहा ते वीस टक्के वाढवावं. शेंगा धरू लागण्याआधी पानांनी जमीन झाकली गेली पाहिजे. घाबरून अतिलवकर येणारं वाण घेऊ नये. आधीच तोकडा झालेला वाढीचा काळ त्याने आणखी आखडतो. हंगामात पक्व होईल असं, त्यातल्या त्यात जास्त दिवसांचं वाण बरं. बुटक्या झाडांच्या खालच्या शेंगा जमिनीलगत असतात, तेव्हा कापणी यंत्राचं पातं खाली ठेवावं, नाहीतर त्या शेतातच राहतात.