सिग्नलला सायकल दिसत काहून नाही?

आमच्या तालुक्याच्या चौकातला सिग्नल टायमरवर चालते, समोरून चिटपाखरू येत नसलं तरी लाल म्हणजे लाल. सकाळी पोट्ट्या मानव विकास योजनेतून शाळेसाठी मिळालेल्या सायकली घेऊन उभ्या, बाजूला दूधवाला. बाहेरदेशी सिग्नल म्हणे रस्त्यावर कोण आहे ते ओळखून बदलते, पण जुनी गोष्ट पाहिली तर सायकलवाला तिथंही शेवटीच.

१९२८ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरला चार्ल्स ॲडलरनं सिग्नलला मायक्रोफोन बसवला, गाडीवाल्यानं हॉर्न वाजवला की हिरवा! (आपल्याकडं तर ते मशीन दोन दिवसात वेडं झालं असतं.) सायकलवाल्यानं काय करावं, टिंगटिंग? त्याच सुमारास चाकाच्या दाबानं कळणाऱ्या पट्ट्याही आल्या, अन् १९६० च्या दशकात लूप आला, जो आजही चालते.

लूप म्हणजे डांबर कापून पुरलेलं तारेचं वेटोळं. त्यात करंट खेळता ठेवतात, वर धातू आला की त्या धातूत उलटा करंट तयार होते, वेटोळ्याचं इंडक्टन्स (बदलत्या करंटला अडवायचा तारेचा गुण) कमी होते अन् बाजूच्या डब्यातल्या मशीनला समजते की कोणीतरी आलं. लोकाइले वाटते वजन लागते नाहीतर चुंबक, तसं काही नाही, ॲल्युमिनियमची रिमही चालते. पण सायकलमध्ये धातू तो केवढा, अन् साध्या चौकोनी लूपच्या मधोमध उभं राहिलं तर बरेचदा पत्ताच लागत नाही, चाक बरोबर तारेच्या रेघेवर ठेवावं लागते. सेन्सिटिव्हिटी वाढवली तर बाजूच्या लेनमधला ट्रकच पकडते! म्हणून मग इंग्रजी आठच्या आकड्यासारखे अन् तिरप्या तारांचे लूप काढले, कुठं थांबायचं ते कळावं म्हणून रस्त्यावर सायकलचं चिन्ह रंगवलं. आता कॅमेरे, रडारही आहेत.

कॅलिफोर्नियानं २००७ मध्ये कायदाच केला की नवीन सेन्सरवाल्या सिग्नलला सायकल अन् मोटरसायकल ओळखता आलीच पाहिजे. म्हणजे लूप आल्यावर चाळीसेक वर्षांनी. नुसतं ओळखूनही भागत नाही म्हणा, सायकल हळू, तर चौक पार होईस्तोवर हिरवा टिकायला पाहिजे.

नेदरलँड्समध्ये तर काही चौकात पावसाचा सेन्सर आहे, पाऊस आला की सायकलवाल्याइले हिरवा लवकर मिळते, भिजू नये म्हणून. आपल्याकडं पाऊस सोडा, ऊन आहे. नागपूरला उन्हाळ्यात भर दुपारी काही सिग्नल बंद ठेवतात, तेवढी सोय. आमच्या चौकातला मात्र मे महिन्यातही पुरे ९० सेकंद मोजते, अन् दूधवाला कॅनवर ओलं पोतं टाकून उभा.